पाच दिवसांत काहीच वाढले नाही: झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरचा ताप आणि निगेटिव्ह रक्तकल्चर

आपला प्रश्न मी दोनदा वाचला आणि उत्तर देण्यापूर्वी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर आपल्याला लगेच दिसेल. आपल्या वडिलांचे वय 61 आहे आणि 14 महिन्यांपूर्वी त्यांच्या महाधमनीच्या झडपेच्या जागी मेकॅनिकल झडप बसवली गेली. गेले सात आठवडे त्यांना संध्याकाळी ताप येतो, रात्री घाम फुटतो आणि वजन सहा किलोने उतरले आहे. गावातील डॉक्टरांनी आधी सेफिक्झीम आणि नंतर डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके दिली. शहरातील रुग्णालयात तीन वेळा रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) झाले आणि तिन्ही वेळा ‘पाच दिवसांत जंतूंची वाढ नाही’ असाच अहवाल आला. छातीवरून केलेल्या एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप व्यवस्थित दिसली. आता ‘टीबीची औषधे सुरू करून पाहू’ असा सल्ला मिळाला आहे. रक्तात जंतू सापडले नाहीत याचा अर्थ झडपेला संसर्ग नाही असा घ्यायचा का आणि टीबीची औषधे सुरू करावीत का, असे आपण विचारता.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात 22 वर्षे काम करते. मी रुग्ण तपासत नाही. माझ्यापर्यंत रुग्णांचे रक्त, पू आणि कधीकधी काढलेली झडप येते. त्यामुळे आपल्या वडिलांना नेमके काय झाले आहे हे मी सांगू शकत नाही, आणि इतक्या अंतरावरून कोणी ते ठामपणे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कल्चरच्या अहवालाचा अर्थ मात्र सांगता येईल. माझ्या मते येथे खरी अडचण दुर्मिळ जंतूची नसून, ‘निगेटिव्ह’ हा शब्द कशाविषयी आहे हे कोणी विचारलेले नाही ही आहे. तो शब्द रुग्णाविषयी काही सांगत नाही. त्या दिवशी, त्या वेळी, तेवढे रक्त, त्या प्रकारच्या बाटलीत, तेवढे दिवस ठेवले असता काही वाढले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

म्हणून पहिली चौकशी रक्त कसे घेतले गेले याची करावी. प्रौढ माणसाच्या रक्तप्रवाहात संसर्ग असला तरी एका मिलिलीटर रक्तात अनेकदा एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तोही नसतो. अशा वेळी तीन मिलिलीटर रक्त घेऊन जंतू शोधणे म्हणजे विहिरीतून एक तांब्या काढून त्यात मासा आहे का हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलीटर, एका संचात हवेतल्या आणि हवेविना वाढणाऱ्या जंतूंसाठी अशा दोन बाटल्या, आणि वेगवेगळ्या शिरांतून असे निदान तीन संच, ही अपेक्षा आहे. 2007 च्या एका सुपरिचित अभ्यासात 24 तासांतील पहिल्या संचाने सुमारे 73 टक्के, दोन संचांनी 90 टक्के आणि तीन संचांनी 98 टक्के रक्तसंसर्ग पकडले गेले होते. म्हणजे एका संचावर थांबलो तर चारातला एक रुग्ण हातातून निसटतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात मी एक साधी गोष्ट केली. वॉर्डांत रिकाम्या बाटल्या पाठवण्यापूर्वी त्या वजनकाट्यावर ठेवल्या आणि रक्त भरून परत आल्यावर पुन्हा वजन केले. एका मिलिलीटर रक्ताचे वजन एका ग्रॅमपेक्षा किंचित जास्त असते, त्यामुळे फरकावरून किती रक्त आले ते कळते. बहुतेक बाटल्यांत तीन ते चार मिलिलीटरच रक्त होते. त्यात परिचारिकांचा दोष फारसा नव्हता. सलाईनने थकलेल्या शिरेतून दहा मिलिलीटर रक्त खेचणे सोपे नसते आणि त्याचे महत्त्व त्यांना कोणी समजावूनही सांगितलेले नव्हते. शिवाय खर्च वाचावा म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हवेत वाढणाऱ्या जंतूंची एकच बाटली पाठवतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत ‘तीन कल्चर’ म्हणजे तीन पूर्ण संच की तीन सुट्या बाटल्या, आणि ते एकाच दिवशी झाले की तीन आठवड्यांत विखुरलेले, हे विचारून घ्या. अहवालावर ते लिहिलेले नसते.

दुसरी बाब औषधांची. 2019 मध्ये उत्तर अमेरिकेतील सात आपत्कालीन विभागांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 325 रुग्णांचे रक्त प्रतिजैविक देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर दोन तासांच्या आत, असे दोनदा घेतले. आधीच्या रक्तात 31.4 टक्के रुग्णांमध्ये जंतू वाढले, नंतरच्या रक्तात केवळ 19.4 टक्क्यांमध्ये. हा परिणाम दोन तासांतला आहे, आणि आपल्या वडिलांनी दोन प्रकारची औषधे पंधरा-वीस दिवस घेतली आहेत. काही बाटल्यांत औषध शोषून घेणारे राळेचे कण असतात व त्यांचा उपयोग होतो, पण बाटलीत शिरण्यापूर्वीच जे जंतू मेले किंवा लुळे पडले त्यांना ते कण उठवू शकत नाहीत. हृदयाच्या झडपेच्या संसर्गात कल्चर निगेटिव्ह येण्याचे सर्वांत मोठे कारण आधी घेतलेले प्रतिजैविक हेच असते. परदेशी केंद्रांत असे रुग्ण साधारण दहा टक्के असतात. भारतीय केंद्रांच्या अहवालांत हे प्रमाण पुष्कळ जास्त दिसते, कारण आपल्याकडे ताप आला की औषध आधी आणि तपासणी नंतर, असा क्रम आहे.

रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, धाप नसेल, रक्तदाब उतरलेला नसेल, तर सर्व प्रतिजैविके काही दिवस थांबवून पुन्हा तीन पूर्ण संच घेण्याचा पर्याय हृदयरोगतज्ज्ञांसमोर ठेवण्यासारखा आहे. प्रकृती ढासळत असेल तर मात्र तो पर्याय राहत नाही. तेव्हा संच घ्यायचे आणि लगेच अनुभवाने ठरवलेले उपचार सुरू करायचे. यातले काय लागू पडते हे त्यांना तपासणारे डॉक्टरच ठरवतील, घरी बसून औषध बंद करू नये.

आपण जाता जाता लिहिले आहे की दुसऱ्या वेळच्या एका बाटलीत सुरुवातीला ‘काहीतरी’ वाढले होते, पण ते ‘कातडीवरचे जंतू’ म्हणून सोडून देण्यात आले. हे वाक्य वाचून मी थांबले. कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस एका बाटलीत वाढला तर शंभरातल्या बहुतेक रुग्णांत ते रक्त घेताना झालेले प्रदूषण असते, यात वाद नाही. परंतु ज्यांच्या छातीत कृत्रिम झडप आहे त्यांच्यासाठी हाच जंतू शत्रूंच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतो. त्याच कातडीवर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा, मुरमांशी संबंधित जंतूही राहतो. तो हवेविना वाढतो, अतिशय सावकाश वाढतो आणि कृत्रिम झडपेवर वर्षभर गुपचूप बसू शकतो. त्याला बाटलीत दिसायला अनेकदा सहा-सात दिवस लागतात. पाचव्या दिवशी बाटली काढून टाकली, किंवा हवेविना वाढणाऱ्या जंतूंची बाटली पाठवलीच नाही, तर तो सापडणारच नाही. त्यासाठी बाटल्या 10 ते 14 दिवस ठेवाव्या लागतात. ‘जास्त दिवस ठेवा’ ही सूचना पूर्वी सर्वच हट्टी जंतूंसाठी दिली जात असे, पण आजच्या स्वयंचलित यंत्रांत त्यांपैकी बहुतेक पाच दिवसांतच उगवतात. मुदत वाढवण्याचा खरा लाभ अशा मोजक्या जंतूंसाठी आहे. दुसऱ्या वेळच्या त्या बाटलीतील ‘कातडीवरचा’ जंतू नेमका कोणता होता आणि पुन्हा कधी दिसला का, हे प्रयोगशाळेकडून लेखी घ्या.

येथे प्रयोगशाळेतील एक प्रसंग सांगते, कारण ‘वाढत नाही’ म्हणजे काय हे त्याशिवाय नीट कळत नाही. झडप बदललेल्या एका बाईंची बाटली यंत्राने पॉझिटिव्ह दाखवली. बाटलीच्या तळाशी जी निळसर-हिरवी चकती असते ती जंतूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिवळी पडली होती. काचपट्टीवर रंगवून पाहिले तर वेड्यावाकड्या आकाराच्या गोल जंतूंच्या साखळ्या स्पष्ट दिसत होत्या. तेच द्रव रक्ताच्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या बशीतील रक्त घातलेल्या जेलीवर, पसरवले आणि दुसऱ्या दिवशी बशी कोरी होती. तिसऱ्या दिवशीही कोरीच. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू आहेत आणि बशीवर नाहीत, अशा वेळी नवशिक्या तंत्रज्ञाला आपलेच काही चुकले असे वाटते. आमच्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने त्याच बशीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एक रेघ ओढली. चोवीस तासांनी त्या रेघेच्या दोन्ही कडांना, आणि केवळ तेथेच, राईपेक्षाही बारीक ठिपके उगवले. तो ग्रॅन्युलिकॅटेला होता. त्याला वाढायला पायरिडॉक्सल, म्हणजे बी-6 जीवनसत्त्वाचे एक रूप लागते. साध्या रक्त-अगारमध्ये ते पुरेसे नसते, शेजारचा स्टॅफिलोकॉकस ते पुरवतो. रुग्णाच्या रक्ताने भरलेल्या बाटलीत तो आरामात वाढतो आणि कोरड्या बशीवर उपाशी मरतो. हा जंतू दुर्मिळ म्हणावा असा नाही, पण त्याला काय खायला द्यायचे हे ठाऊक असावे लागते.

असाच दुसरा जंतू मायकोप्लाझ्मा होमिनिस. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या हाडाची जखम पुवाने भरते, काचपट्टीवर पूपेशींची गर्दी असते आणि जंतू एकही दिसत नाही. याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून जंतू पाहण्यासाठी नेहमी वापरला जाणारा ग्रॅमचा रंग त्याला धरत नाही, आणि पेनिसिलिनपासून मेरोपेनेम व व्हॅन्कोमायसिनपर्यंतची सगळी भित्तिकेवर घाव घालणारी औषधे त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. त्यात भर म्हणजे रक्त गोठू नये म्हणून कल्चरच्या बाटलीत जे रसायन असते तेच याची वाढ रोखते. आपल्या वडिलांच्या बाबतीत 14 महिन्यांनी याची शक्यता मी खालच्या बाजूला ठेवीन. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत छातीची जखम वाहत असती तर वर ठेवली असती.

आता जे जंतू नेहमीच्या बाटलीत जवळजवळ कधीच सापडत नाहीत त्यांच्याकडे येते. आपण लिहिले आहे की घर सोलापूर जिल्ह्यात आहे, घरी शेळ्या आहेत, वडील शेळ्यांची बाळंतपणे स्वतः करतात आणि धारोष्ण दूध पितात. ही माहिती रुग्णालयात कोणी विचारली का? नसेल विचारली तर उद्याच सांगा. शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा ब्रुसेल्ला लाटेलाटेने चढणारा संध्याकाळचा ताप आणि घाम देतो, आणि हृदयात गेला तर बहुधा महाधमनीच्या झडपेवरच बसतो. तो बाटलीत वाढू शकतो, पण आधी डॉक्सिसायक्लिन दिलेले असताना त्याची आशा कमी. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत. ही ॲग्लुटिनेशन चाचणी महागडी नाही. 1:160 किंवा त्याहून वरचे मूल्य लक्षणांबरोबर पाहिले तर महत्त्वाचे असते, मात्र पशुपालकांमध्ये जुन्या संपर्काचीही प्रतिपिंडे असतात, म्हणून एका आकड्यावर निकाल लावू नये. ब्रुसेल्लाचा संशय असल्याचे प्रयोगशाळेला आधी कळवणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. हा जंतू उघड्या टेबलावर बशी हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला श्वासातून बाधतो.

त्याच शेळ्यांच्या वारेतून आणि बाळंतपणाच्या पाण्यातून कॉक्सिएला, म्हणजे क्यू तापाचा जंतू पसरतो. तो पेशीच्या आतच वाढत असल्याने कोणत्याही बाटलीत कितीही दिवस ठेवला तरी उगवणार नाही. त्याच्यासाठी रक्तातील ‘फेज-1 आयजीजी’ नावाच्या प्रतिपिंडांची चाचणी असते. झडपेच्या संसर्गाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्यूक निकषांत, जे 1994 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून आले, 2000 सालच्या सुधारणेने या चाचणीला मुख्य निकषाचे स्थान दिले; 2023 च्या सुधारणेत बाटलीत सहज न उगवणाऱ्या बार्टोनेला या जंतूची प्रतिपिंडे आणि या जंतूंच्या पीसीआर (जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या) चाचण्याही आल्या. आपल्याकडे क्यू तापाची चाचणी सर्वत्र होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि त्यात आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून ती लवकर पाठवणे चांगले. प्रतिपिंडांच्या चाचण्यांचा मोठा फायदा हा की आधी दिलेल्या प्रतिजैविकाने त्या पुसल्या जात नाहीत.

आणखी एक जंतू शस्त्रक्रियेशीच जोडलेला आहे: मायकोबॅक्टेरियम कायमेरा. उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्राच्या जोडीला पाणी गरम-थंड करणारे एक उपकरण असते. त्याचे पाणी रुग्णाच्या रक्ताला कधीच लागत नाही, म्हणून त्याच्याकडे बरीच वर्षे कोणी संशयाने पाहिले नाही. झुरिकमधील डॉक्टरांनी 2013 मध्ये या जंतूने बाधित झालेले हृदयरुग्ण नोंदवले, आणि नंतरच्या तपासात उलगडले की टाकीतील दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार उपकरणाच्या पंख्याने शस्त्रक्रियेच्या खोलीत उडत होते. 2017 मध्ये जनुकीय तुलनेतून अनेक देशांतील रुग्णांचा संबंध एका समान उगमाशी जोडला गेला. शस्त्रक्रिया ते लक्षणे हे अंतर बहुधा एक वर्षाहून अधिक, कधी पाच-सहा वर्षेही असते. वजन घटते, प्लीहा वाढते, प्लेटलेट कमी होतात, डोळ्याच्या पडद्यामागे डाग दिसतात आणि हे सारे सारकॉइडोसिस, म्हणजे जंतूंशिवाय होणारा दाहाचा एक आजार, म्हणून खपून जाते. साध्या कल्चरमध्ये तो दिसत नाही. मायकोबॅक्टेरियांसाठीच्या वेगळ्या बाटलीत रक्त पाठवून ती सहा ते आठ आठवडे ठेवावी लागते. ही शक्यता मोठी आहे असे मी म्हणत नाही. 14 महिने हे अंतर त्यात बसते आणि तपासणीसाठी एक बाटली पुरते, इतकेच.

यातूनच टीबीच्या औषधांच्या प्रश्नावर येते, आणि येथे माझे मत स्पष्ट आहे. आपल्या देशात अज्ञात तापाला टीबी हे उत्तर पुष्कळदा बरोबर निघते, त्यामुळे तो सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना मी अडाणी म्हणणार नाही. पण वरील तपासण्यांसाठी रक्त घेण्यापूर्वी ती औषधे सुरू करणे मला घातक वाटते. त्यांतील रिफाम्पिसिन स्टॅफिलोकॉकसवर आणि ब्रुसेल्लावरही काम करते. ताप आठ दिवस उतरतो, ‘टीबीच होता’ असे सगळ्यांना वाटते, अपुऱ्या उपचाराखाली खरा रोग दबून राहतो आणि पुढचे प्रत्येक कल्चर आणखी निगेटिव्ह येते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गांत दिसणाऱ्या, जलद वाढणाऱ्या अँब्सेसस व फॉर्च्युइटम जातीच्या मायकोबॅक्टेरियांवर टीबीची नेहमीची औषधे चालतच नाहीत. आणि ज्याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही ते सर्वांत तातडीचे आहे: मेकॅनिकल झडप म्हणजे वडील रक्त गोठू न देणारी वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉलची गोळी घेत असणार. रिफाम्पिसिन यकृतातील विकरे वाढवून या गोळ्यांचा परिणाम झपाट्याने कमी करते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) घसरतो आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. औषधे सुरू करायचीच ठरली तर आयएनआर कोण, किती दिवसांनी पाहणार हे आधी ठरले पाहिजे.

एकोबद्दल थोडेच. धातूच्या झडपेची सावली पडते, त्यामुळे छातीवरून केलेला एको निर्मळ असणे पुरेसे नाही. अन्ननलिकेतून केलेला एको हवा, आणि तोही निर्मळ निघून संशय कायम राहिला तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा. शस्त्रक्रियेला वर्ष उलटले असल्याने पेट-सीटी हे संसर्गाची जागा दाखवणारे स्कॅनही येथे उपयोगी ठरू शकेल.

झडपेसाठी छाती पुन्हा उघडावी लागू नये हीच इच्छा, पण वेळ आली तर एक गोष्ट शल्यचिकित्सकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. एकदा एका रुग्णालयातून आमच्याकडे अशीच काढलेली झडप आली. डबी उघडताच फॉर्मालिनचा (ऊती टिकवणाऱ्या, पण जंतू मारणाऱ्या द्रवाचा) वास नाकात गेला. सगळीच्या सगळी झडप पॅथॉलॉजीच्या सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकली होती. त्या ऊतीत जिवंत काही उरले नव्हते. ज्या नमुन्यातून उत्तर मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते तो नमुना असा गेला. म्हणून झडपेचे दोन भाग करावेत: एक फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक डबीत थोड्या सलाईनसह कल्चर आणि 16-एस पीसीआरसाठी. ही पीसीआर जिवाणूंच्या सामाईक जनुकावरून ओळख पटवते आणि मेलेल्या जंतूंचाही माग काढते. रक्तावर तिचा उपयोग मर्यादित आहे, झडपेच्या ऊतीवर मात्र ती उत्तम चालते. रक्तातील सर्व डीएनए वाचून जंतू सांगणाऱ्या नव्या चाचण्यांची जाहिरात आपल्याला कोणीतरी पाठवली आहे असे आपण लिहिले. त्या खर्चिक आहेत, कातडीवरच्या जंतूंची नावेही यादीत आणतात, आणि भरपूर रक्ताचे तीन संच व प्रतिपिंडे झाल्याशिवाय मी त्यांवर पैसे घालणार नाही.

तापाला संसर्गाबाहेरचीही कारणे असतात, उदाहरणार्थ औषधांचा ताप किंवा पायाच्या शिरेतील गुठळी. ती डॉक्टरांनी पाहिलीच असतील असे धरून मी सोडून दिली आहेत.

तिसऱ्या संचाचा अंतिम अहवाल काल आला असे आपण लिहिले आहे. यंत्रातून काढलेल्या निगेटिव्ह बाटल्या बहुतेक प्रयोगशाळांत लगेच नष्ट होत नाहीत. ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राची, पाळी येईपर्यंत त्या कोपऱ्यातल्या टोपलीत पडून असतात. उद्या सकाळी सर्वांत आधी प्रयोगशाळेला फोन करा, रुग्णाला कृत्रिम झडप आहे आणि घरी शेळ्या आहेत हे दोन्ही सांगा, आणि त्या बाटल्या अजून असतील तर पुन्हा यंत्रात ठेवून 14 दिवस पूर्ण करता येतील का ते विचारा.